घरातल्या सीडी आणि तबकड्या : कोणत्या जपायच्या, कशा जपायच्या

रमजानच्या आधी घराघरांत झाडलोट निघते. माळ्यावरची भांडी खाली येतात, कपाटे रिकामी होतात, गाद्या गच्चीवर जातात. अशा वेळी मिठाईच्या जुन्या डब्यातून किंवा शिलाई मशीनच्या खणातून पंधरा-वीस सीडी हमखास बाहेर पडतात. मुलगा म्हणतो, "आता हे कोण बघतं? भंगारात देऊन टाकू." अम्मी म्हणतात, "रहने दे बेटा." आणि डबा पुन्हा होता तिथेच जातो. पुढच्या वर्षी हाच संवाद होतो. फरक एवढाच की मधल्या बारा महिन्यांत त्या डब्यातल्या दोन-तीन सीडी गुपचूप मेलेल्या असतात, आणि ते कोणाला कळलेलेही नसते.

आम्ही शिरूरला शिकवतो. आमचे आजोळ दौंडचे. दोन्हीकडच्या घरांत, नातेवाइकांकडे आणि विद्यार्थ्यांच्या पालकांकडे, असे डबे पाहण्याचा योग बऱ्याचदा येतो. आत काय असते ते वाचकांनाही ठाऊक आहे. किरातीच्या एमपी-थ्री सीडी, नाती, उलेमांचे बयान, कव्वालीच्या कॅसेटवरून उतरवलेल्या सीडी, मुलांची कार्टून, इंग्रजी बोलायला शिकवणारा एखादा संच. आणि यांच्याच खाली, बहुधा कागदी पाकिटात, पाकिटावर बॉलपेनने नावे लिहिलेली निकाहची व्हीसीडी. दौंडच्या रेल्वेतल्या घरांत बदल्यांमुळे सामान फार फिरलेले असते, त्यामुळे तिथे हा डबा बहुधा लोखंडी ट्रंकेत सापडतो. शिरूरकडे तो माळ्यावर असतो. दोन्ही जागा कशा आहेत ते पुढे पाहू.

आधी एक काम करावे. सगळ्या सीडी गादीवर पसरून त्यांचे दोन ढीग करावेत. विकत आणलेल्या एकीकडे, घरच्या दुसरीकडे. पाकीट हरवले असेल, वर काहीच लिहिलेले नसेल, तरी ओळखता येते. सीडी उलटी करून उजेडात धरावी. कारखान्यात छापलेली सीडी खालून स्वच्छ चांदीसारखी दिसते. संगणकावर 'राइट' केलेल्या सीडीला खालून हिरवट, निळसर किंवा फिकट सोनेरी झाक असते; डीव्हीडी असेल तर जांभळट. ही रंगाची झाकच सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे.

छापलेल्या सीडीत मजकूर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने प्लास्टिकमध्येच दाबलेला असतो. घरच्या किंवा फोटो स्टुडिओवाल्याने करून दिलेल्या सीडीत असे खळगे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर ठिपके उमटवलेले असतात. रंगच तो, कापडाचा रंग उन्हात उडतो तसा हाही उजेडाने आणि उष्णतेने बदलतो. खिडकीत ठेवलेली घरची सीडी काही महिन्यांत वाचण्यापलीकडे जाऊ शकते. म्हणजे आपल्या डब्यातला जो ढीग बाजारात पुन्हा मिळेल तो जास्त टिकाऊ, आणि जो जगात दुसरीकडे कुठेच नाही तोच नाजूक. बहुतेक घरांत जपणूक मात्र उलटी चाललेली दिसते. विकत आणलेला संच त्याच्या छान डबीत शोकेसमध्ये, आणि निकाहची सीडी कागदी पाकिटात.

किरातीची किंवा नातीची सीडी खराब झाली तर तोच आवाज आज मोबाइलवर मिळतो. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या आपल्या देशातल्या मोठ्या सीडी उत्पादक कंपनीने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या, तेव्हा बाजारच्या दिवशी हातगाडीवर त्यांचे ढीग लागत. ती कंपनी पुढे बुडाली, हातगाड्याही गेल्या. पण ते सिनेमे कुठे ना कुठे आहेतच. निकाहच्या सीडीचे तसे नाही. त्या काळात शूटिंग टेपवर होई, संपादन झाले की सीडी बनत, आणि टेप पुसून पुढच्या लग्नासाठी वापरली जाई. टेप महाग होती. स्टुडिओवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु याचा परिणाम असा की ती सीडी हीच मूळ प्रत आणि तीच शेवटची.

त्या सीडीत लग्नापेक्षा मोठे असे बरेच काही असते. मेंदीच्या रात्री बायका ढोलकी घेऊन बसतात आणि आपल्या दखनी बोलीत गाणी म्हणतात. नवरदेवाच्या बहिणीला टोमणे, समधनीची थट्टा, मुलीच्या बिदाईचा हुंदका. ही गाणी कोणी लिहून ठेवलेली नाहीत. नानीकडून अम्मीकडे, अम्मीकडून मुलीकडे ती तोंडोतोंडी आली. शिरूर-दौंड पट्ट्यात ही गाणी येणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत, आणि नव्या लग्नांत डीजे आहे. बहुतेक सीडींत स्टुडिओवाल्याने 'मिक्सिंग' करताना मूळ आवाज दाबून त्यावर सिनेमाचे गाणे चढवलेले असते. पण सगळीकडे नाही. कुठे तो विसरला आहे, कुठे गाणे संपून दुसरे सुरू व्हायच्या मधल्या फटीत अर्धा मिनिट मूळ आवाज मोकळा सुटला आहे. त्या अर्ध्या मिनिटात एखाद्या घराला आपल्या गेलेल्या दादीचा आवाज सापडतो. फोटो सगळ्यांकडे असतात. आवाज फार थोड्यांकडे.

आता सीडी मरते कशी ते पाहू, म्हणजे जपायची कशी ते आपोआप समजेल. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. त्यातला जवळजवळ सगळा भाग पारदर्शक प्लास्टिकचा. खालच्या चकचकीत बाजूला मजकूर आहे असे आपण समजतो आणि तीच बाजू जपतो. नावाची बाजू खाली करून सीडी खुशाल टेबलावर ठेवतो. खरी गोष्ट अशी आहे की मजकुराचा थर वरच्या, नावाच्या बाजूला अगदी लगटून असतो. त्याच्यावर आरशासारखा धातूचा लेप आणि वर फक्त लाखेच्या रोगणासारखा एक पातळ थर. खालच्या प्लास्टिकवर चरा पडला तर तो घासून कमी करता येतो. वरच्या बाजूने टोकदार काही लागले, तर आरसाच खरवडला जातो आणि त्याला इलाज नाही. म्हणून सीडीवर बॉलपेनने लिहू नये. नाव लिहायचेच तर मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या मार्करने, तेही मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर. कागदी लेबल चिकटवू नये, आणि आधीच चिकटलेले असेल तर ते ओढून काढू नये. लेबलाबरोबर आरसाही निघून येतो. डीव्हीडीची रचना वेगळी आहे. तिथे मजकूर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये, सँडविचसारखा असतो. त्यामुळे वरचा चरा तिला कमी बाधतो, पण वाकवली तर दोन चकत्या कडेने सुटू लागतात. डबीतून काढताना मधली खुंटी एका बोटाने दाबावी आणि सीडी कडेने उचलावी. नुसती कड धरून खेचली की ती धनुष्यासारखी वाकते.

दुसरी गोष्ट कडेची. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. सीडी आतून बाहेर. मजकूर मधल्या भोकाजवळ सुरू होतो आणि बाहेरच्या कडेकडे सरकत जातो. आपली बोटे कुठे लागतात? कडेला. ओल कुठून शिरते? कडेने. २००१ साली स्पेनच्या संशोधकांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या दमट देशातून आलेली एक सीडी तपासली. जिओट्रिकम जातीची बुरशी तिच्या कडेने आत घुसून धातूचा लेप आणि काही प्लास्टिकही खात गेली होती. आपल्याकडे इतकी दमट हवा नाही, पण कडेचा न्याय तोच. निकाहच्या सीडीत आरंभी काय असते? गुलाबाच्या पाकळ्या उडतात, नवरा-नवरीची नावे फिरत येतात, मंडपाची रोषणाई दिसते. आणि शेवटी? रुख्सती. मुलगी वालिदांच्या गळ्यात पडते तो प्रसंग तबकडीच्या अगदी कडेला असतो. "हमारी सीडी अच्छी है, चलती है," असे सांगणाऱ्या घरांत आम्ही शेवटची पाच मिनिटे लावायला सांगतो. बहुतेकांनी ती बरीच वर्षे पाहिलेली नसतात. चित्र तिथेच चौकोन-चौकोन होऊन अडकते.

पुसण्याचीही एक रीत आहे. आपण ताट पुसतो तशी सीडी गोल-गोल पुसली जाते. मजकूर त्याच गोल रेषेत असल्याने अशा पुसण्याने पडलेला बारीक चरा लांबवर मजकुराच्या सोबतीने धावतो आणि यंत्राला तो सावरून घेता येत नाही. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसावे. चाकाच्या आऱ्या असतात तसे. जास्त मळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावी. टूथपेस्टचा उपाय घरोघरी सांगितला जातो. पेस्ट म्हणजे बारीक पॉलिशच. खालच्या बाजूचा हलका चरा तिने कधी कधी भरल्यासारखा होतो हे खरे. मात्र नवे चरेही पडतात. हा प्रयोग सिनेमाच्या सीडीवर करावा, निकाहच्या सीडीवर नाही. ती अडत असेल तर आधी दुसऱ्या यंत्रात घालून पाहावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसरी ड्राइव्ह वाचते, हे अनेकदा घडते.

ठेवण्याच्या जागेबद्दल अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेने २००३ साली ग्रंथालयांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात तापमान ४ ते २० अंश आणि हवेतली आर्द्रता २० ते ५० टक्के असावी असे म्हटले आहे. वीस अंश! आमच्या शिरूर-दौंडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस कमी, ऊन भरपूर, आणि पत्र्याची घरे पुष्कळ. पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी हात लावून पाहा, म्हणजे शिरूरच्या माळ्यावरच्या डब्याचे काय होत असेल ते कळेल. तेव्हा वीस अंशांचा नाद सोडावा आणि दोनच गोष्टी पाहाव्यात. घरातली सर्वांत कमी तापणारी जागा, आणि दिवसभरात तापमान कमीत कमी बदलणारी जागा. बहुतेक घरांत ती मधल्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाट नको, टीव्हीच्या वरची फळी नको, फ्रिज तर मुळीच नको. बाहेर काढताच सीडीवर पाणी धरते.

दौंडकरांची ट्रंक माळ्यापेक्षा पुष्कळ बरी. अंधार असतो, पलंगाखाली गारवाही असतो. तिला दोन विटांवर ठेवले की जमिनीची ओल लागत नाही आणि वाळवीही दिसून येते. एक मात्र करावे : ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या सीडीपासून दूर कराव्यात. कपड्यांना त्या ठीक, पण त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ आणि चिकट होऊ शकते. संग्रहालयांत प्लास्टिकच्या वस्तूंजवळ त्या ठेवत नाहीत. नव्या बुटांच्या किंवा पर्सच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या पावसाळ्यापुरत्या ट्रंकेत टाकाव्यात. लहान मुलांच्या हाती मात्र त्या लागू देऊ नयेत.

सीडी कडक डबीत, पुस्तकासारखी उभी ठेवावी. कप्प्याकप्प्यांचे मऊ प्लास्टिकचे पाकीट जागा वाचवते, पण उन्हाळ्यात ते सीडीला चिकटते. कागदी पाकिटाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न येथील कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान बनलेल्या कित्येक सीडी पुढे तांबूस पडून निकामी झाल्या. त्यांच्यावरचे रोगण पाकिटाच्या कागदातल्या गंधकापुढे टिकले नव्हते. परदेशातल्या कारखान्यात छापलेल्या सीडीची ही कथा, मग आपल्या कागदी पाकिटांचा भरवसा काय धरावा?

काही घरांत सीडीच्या आधीचीही ठेव असते. काळ्या तबकड्या. आजोबांनी घेतलेला चावीचा ग्रामोफोन मोडीत गेला तरी रेकॉर्डी राहिलेल्या असतात : शकीला बानो भोपाली, हबीब पेंटर, अझीझ नाझां यांच्या कव्वाल्या, शाहीर अमर शेखांचा आवाज. यांत दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी, जड, वाजवल्यावर खरखरणारी तबकडी लाखेची. हातातून पडली की काचेसारखी फुटते. ३३ किंवा ४५ फेऱ्यांची हलकी तबकडी विनाइल या प्लास्टिकची. ती फुटत नाही, पण उन्हाने पापडासारखी वाकते. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसायची नाही. लाख स्पिरिटात विरघळते. सुतारकाम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, त्यांचे पॉलिश त्यावरच चालते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी, बस्स. ग्रामोफोनच्या लोखंडी सुईखाली विनाइलची रेकॉर्ड कधीही लावू नये. एकाच वेळेत तिची खाच कायमची कुरतडली जाते. दोन्ही जाती उभ्याच ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत.

या तबकड्यांची योग्यता काय ते एका उदाहरणाने सांगतो. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली. कलकत्त्यात गौहर जान यांच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी पुण्यात संगीत विद्यालय काढले, मिरजेला घर केले, आणि १९३७ साली प्रवासात त्यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्यात आजही त्यांच्या नावाने गाणे होते. त्यांचा आवाज कसा होता हे आज आपल्याला समजते ते फक्त तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून. एखादा ख्याल ते तासभर गात असतील. उरला तो तबकडीत मावला तेवढाच. अशा तबकड्या मुख्यतः सरकारी कपाटांत राहिल्या नाहीत. त्या घरोघरी राहिल्या, आणि छंदी माणसांनी जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून गोळा केल्या. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही अशा लोकांची संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी ती वर्षानुवर्षे चालवली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिकही काढले. तेव्हा घरात काळ्या तबकड्या असतील तर भंगारात वजनावर घालण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवाव्यात.

कितीही नीट ठेवली तरी घरची सीडी कायमची नाही. आणि समजा ती टिकली, तरी वाजवणार कशावर? नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही, नव्या गाडीतही नाही, डीव्हीडी प्लेयर दुरुस्त करणारे गावात शोधावे लागतात. म्हणून मुख्य काम नक्कल करून ठेवण्याचे. बाहेरून यूएसबीला जोडायची डीव्हीडी ड्राइव्ह साधारण दोन हजारांच्या आसपास मिळते. मोहल्ल्यातल्या पाच-सहा घरांनी मिळून एक घेतली तरी पुरते. व्हीसीडी उघडली की त्यात 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो, त्यातली 'डॅट' फाइल म्हणजे तुमचे चित्रण. डीव्हीडीत ते 'व्हिडिओ टीएस' या फोल्डरमध्ये असते. पूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. व्हीएलसी या मोफत प्रोग्राममध्ये दोन्ही चालतात. उतरवल्यावर शेवटची दहा मिनिटे आवर्जून लावून पाहावीत, कारण वर सांगितलेच आहे. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत ही प्रत समजू नये. पाठवताना तिचा दर्जा कापला जातो, आणि व्हीसीडीचे चित्र मुळातच अंधूक असते.

अनेक घरांत हे काम अडते ते वेगळ्याच कारणाने. निकाहच्या चित्रणात घरातल्या बायका आहेत, पडद्याचा प्रश्न आहे, दुकानात सीडी द्यायला मन होत नाही. ही शंका आम्हाला रास्त वाटते. दुकानातल्या संगणकात नक्कल राहून जाते हे काही खोटे नाही. त्यावर उपाय घरातच आहे. अकरावी-बारावीतली मुलगी हे काम अर्ध्या तासात शिकते आणि अम्मी-खालांसमोर बसून करते. दुकानातच न्यावी लागली तर शेजारी बसून करून घ्यावी, आणि आपल्यासमोर तिथली फाइल पुसायला लावावी. उत्साहाच्या भरात कोणी ती यूट्यूबवर चढवू नये. त्या चित्रणातल्या बाईची परवानगी तिच्याकडूनच घ्यायची असते, तिच्या भाच्याकडून नाही.

प्रती किती, हा पुढचा प्रश्न. जगभरचे छायाचित्रकार एक साधा हिशेब पाळतात : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. या तिसऱ्या अटीचे महत्त्व पुण्याने चांगलेच भोगले आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या जागेतल्या, कोठाराला आग लागली आणि तिथे ठेवलेला जुन्या नायट्रेट फिल्मचा साठा जळाला. ज्या चित्रपटांच्या प्रती दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर करून वेगळ्या ठेवल्या होत्या, ते उरले. सरकारी कोठाराची ही गत, तर आपल्या मधल्या खोलीचे काय?

आपल्याला दुसरी जागा शोधत फिरावे लागत नाही. ज्या लेकीच्या निकाहची ती सीडी आहे, ती दुसऱ्या गावी नांदतेच आहे. माहेर शिरूरला आणि सासर दौंडला असेल, तर एक हार्ड डिस्क इकडे आणि एक तिकडे. न्हावरे-चौफुला मार्गे ईदला येणे-जाणे असतेच, तेव्हा दोन्ही जुळवून घ्याव्यात. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरती ठीक. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर तिच्यातला मजकूर उडू शकतो. हार्ड डिस्कसुद्धा वर्षातून एकदा लावून चालवावी. मूळ सीडी नक्कल झाल्यावरही टाकू नये. कलाम पाकची किरात असलेली सीडी निकामी झाली तर ती कचऱ्यात टाकायला मन धजत नाही. त्याबाबत आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे, तो आमचा अधिकार नाही.

शेवटचे काम यंत्राचे नाही, वहीचे आहे, आणि आमच्या अनुभवात सर्वांत जास्त टाळले जाते ते हेच. वीस वर्षांपूर्वीच्या चित्रणात जेवणाच्या पंगतीत बसलेले चाळीस चेहरे आज घरातल्या तरुणांना ओळखता येत नाहीत. पाकिटावर दादांनी उर्दूत नाव-तारीख लिहिलेली असते, आणि मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवाला ती वाचता येत नाही. भाषा शिकवणाऱ्यांना हे जास्त लागते. वहीत दोन्ही लिप्यांत लिहावे : कोणाचा निकाह, कोणते गाव, हिजरी आणि इंग्रजी तारीख, आणि किती मिनिटांनी कोण दिसते. मेंदीची गाणी कुठे ऐकू येतात ती मिनिटे वेगळी नोंदवावीत आणि बोल उतरवून काढावेत. हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवूनच होते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दौंडला एका खालांबरोबर आम्ही असे बसलो. पाऊण तासाच्या सीडीला तीन संध्याकाळी लागल्या, कारण प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबावे लागे आणि प्रत्येक चेहऱ्याची एक हकिगत निघे. हा कोण, त्याची नोकरी कुठे होती, ती कोणाची सून, तिच्या हातची बिर्याणी कशी होती. ढोलकीवरच्या दोन गाण्यांचे बोल खालांनी पुरे करून सांगितले. सीडीत त्यांची दीडच ओळ ऐकू येत होती. वहीत सदतीस नावे झाली. एक जागा कोरी राहिली आहे : वलीम्यात दाराशी उभे असलेले, पांढऱ्या दाढीचे, हातात तांब्या घेऊन लोकांच्या हातांवर पाणी घालणारे एक गृहस्थ. खाला म्हणाल्या, हे दूल्हेवालों की तरफ के, म्हणजे शिरूरचे. त्या सीडीची प्रत आता इकडे आली आहे आणि इकडच्या थोरल्यांना दाखवायची आहे.